कळकलेलं ताक आणि घासून गेलेली नावं



‘कळकणं’ हा शब्द आता किती घरांत उरलाय? आमच्या सासूबाईंच्या तोंडी तो रोजचा होता. “ताक पितळेत ठेवू नको गं, कळकेल.” कळकलेल्या ताकाला एक तुरट, धातूसारखी चव येते, कडेला हिरवट झाक दिसते आणि पिणाऱ्याला मळमळतं. हे सगळं एका शब्दात मावत होतं. पुढे घरोघरी स्टील आलं, कळकायला काही उरलंच नाही आणि शब्दही मागे पडला. माझ्या दोन्ही सुनांनी तो माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला.

आता मात्र पितळ परत आलंय. मंचर, नारायणगाव, जुन्नर, कुठेही जा, भांड्यांच्या दुकानात दर्शनी भागात पितळी कढया, काशाच्या थाळ्या, तांब्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. मुलीच्या रुखवतात पुन्हा पितळी डबे दिसायला लागलेत. मला याचा आनंदच आहे. पण भांडी परत आली आणि ती वापरायची अक्कल मात्र मोडीत गेली, असं होऊ नये, म्हणून आजचा लेख.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. काशात शिजवलं तर अन्नाचं सत्त्व फक्त ३ टक्के जातं, पितळेत ७ टक्के, ॲल्युमिनियममध्ये ८७ टक्के. दर दोन महिन्यांनी कोणीतरी आपल्या ग्रुपवर टाकतंच. हे कोणी मोजलं, कोणत्या भाजीवर मोजलं, ‘सत्त्व’ म्हणजे नेमकं काय मोजलं, यातलं एकही अक्षर त्यात नसतं. अन्नातली जीवनसत्त्वं जातात ती आच किती, वेळ किती आणि पाणी किती ओतून टाकलं यावर. आणि गंमत अशी, की क जीवनसत्त्वाच्या बाबतीत उघडं तांबं उलट नुकसानच करतं. तांब्याचा अंश उतरला, की ते लवकर नष्ट होतं. म्हणजे लिंबाचं सरबत तांब्याच्या बाटलीत भरून मुलाला शाळेत देणारी आई दोन्हीकडून तोट्यात. मेसेज खोटा म्हणून पितळ वाईट, असं मी म्हणत नाही. पितळ चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. त्यात काय मिसळलंय, आत कल्हई आहे का आणि त्यात काय ठेवणार आहात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आता थोडं मुळातून. पितळ हा एक धातू नाही, मिश्रधातू आहे. तांबं आणि जस्त. आपल्या पिवळ्या भांड्यांत साधारण ६० ते ७० टक्के तांबं असतं, बाकी जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. थाळी-वाटीचं चांगलं कासं साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. जस्त आणि कथील यांत पुष्कळजणी गोंधळतात, दुकानदारही गोंधळतात, काही मुद्दाम गोंधळवतात. जस्त म्हणजे पत्र्याच्या बादलीवर चढवतात ते. कथील म्हणजे कल्हईचं. कथील जस्तापेक्षा खूप महाग, म्हणून कासं पितळेपेक्षा महाग.

मिसळायचं कशासाठी? शुद्ध तांबं मऊ असतं. त्याचे अणू एकसारखे, थरावर थर रचलेले, आणि जोर लावला की थर एकमेकांवरून सरकतात. पोह्यांच्या ढिगात मधूनमधून शेंगदाणे पडले की हात फिरवताना अडतो ना, तसं वेगळ्या आकाराचे अणू मध्ये आले की थर सहजी सरकत नाहीत. भांडं टणक होतं. सोन्याचंही तेच. २४ कॅरेटची बांगडी दोन दिवाळ्यांत वाकडी होईल, म्हणून २२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं आणि उरलेलं तांबं-चांदी. सोन्यावर आज जास्त लिहीत नाही. हॉलमार्कचा तो सहा अक्षरी-आकडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा, इतकंच. सोन्याच्या बाबतीत आपण चोख असतो, कणाकणाचा हिशेब विचारतो. हाच चोखपणा आपण ज्यात रोज जेवतो त्या भांड्याबाबत कुठे जातो?

काशाची गोष्ट मात्र थांबून सांगावीशी वाटते. इतकं कथील घातलं की धातू टणक होतो, पण ठिसूळही. थंड असताना ठोकलं तर तडकतं. म्हणून काशाची थाळी लालबुंद तापवून ठोकतात, पुन्हा तापवतात, पुन्हा ठोकतात आणि शेवटी तापलेली असतानाच पाण्यात बुडवतात. त्या एका बुडीनं ठिसूळपणा कमी होतो. पोलादाला पाणी पाजलं की ते कडक होतं, काशाचं बरोब्बर उलटं! टणक असल्यामुळेच कासं घणघणतं. देवळाची घंटा आणि आपली काशाची वाटी एकाच कुळातल्या. घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला गेलात तर देवळासमोरची मोठी घंटा नीट पाहा. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा ज्या घंटा आल्या, त्यांतली ही एक. युरोपातले ओतारीही घंटेसाठी साधारण तेच प्रमाण घेत, चार भाग तांब्याला एक भाग कथील. कुठे पोर्तुगीज ओतारी, कुठे आपले तांबट, पण कानानं दोघांनाही एकाच प्रमाणावर आणून ठेवलं. जुनी थाळी विकत घेताना किंवा माहेरहून आणताना बोटावर तोलून टिचकी मारा. आवाज लांबला तर उत्तम. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी.

पितळेची कहाणी अवघड, आणि त्यात आपल्या पूर्वजांच्या मुलखाचाही धागा आहे. तांबं वितळतं १०८५ अंशांना. जस्त त्याच्या कितीतरी आधी, ९०७ अंशांनाच, उकळून वाफ होतं. म्हणजे दोन्ही एकत्र भट्टीत घातले की तांबं वितळेपर्यंत जस्त उडून जातं आणि हवेत पांढरी राख होते. पूर्वी म्हणून जस्ताचा दगड, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत घालून तापवायचे, म्हणजे वाफ तांब्यातच मुरायची. नुसतं जस्त वेगळं काढणं जगात फारच थोड्यांना जमलं, आणि त्यात उदयपूरजवळचं जावर हे गाव आलं. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टीत छत्तीस, तोंडं खाली केलेली. वाफ खाली उतरायची आणि थंड भागात जस्त जमायचं. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याचं पेटंट मिळालं ते १७३८ मध्ये. जावरला त्याच्या कित्येक शतकं आधी हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होतं. त्या वापरून झालेल्या मुशी भिंतीत रचून लोकांनी घरं बांधली, आणि त्याच परिसरात जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. मारवाड-मेवाडातून आपली घरं इकडे आली, वखारी घातल्या, दुकानं थाटली. येताना पितळेचा चरवी-तांब्या नक्कीच बरोबर असणार.

इकडचा मुलूखही काही धातूंना परका नव्हता. जुन्नरच्या नाणेघाटात राणी नागनिकेच्या लेखात हजारो कार्षापणांचं दान कोरलेलं आहे. कार्षापण म्हणजे चांदीचं नाणं, पण निव्वळ चांदीचं नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर रुप्याच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं घालावं असं स्पष्ट सांगितलंय. सातवाहनांची स्वतःची नाणी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटातून माल उतरवणारा व्यापारी नाणं हातात घेताना त्यात काय मिसळलंय हे पाहत असणारच. आपण त्या व्यापाऱ्यांच्याच जातकुळीतल्या ना?

तर शिसं. मला खरी काळजी आहे ती याची. पितळेत थोडं शिसं घातलं की ते लेथवर कापायला सोपं जातं, ओतकामात साच्यात नीट पसरतं. नळ, मुठी, समया, शोभेच्या वस्तू यांत २-३ टक्के शिसं असणं नेहमीचं आहे. समईत असलं तर काही बिघडत नाही, आपण समई चाटत नाही. पण हल्ली ओतीव, जड, नक्षीदार पेले आणि वाट्या ‘शुद्ध पितळ’ म्हणून विकल्या जातात. मोडीतलं सगळं पितळ एकत्र वितळवलं की त्यात जुन्या नळांचं शिसंही येतंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांना, त्यांच्या मेंदूच्या वाढीला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खायच्या-प्यायच्या भांड्यांसाठी पत्र्यापासून ठोकलेलं पितळच घ्या, ओतीव नको. बाळाच्या अन्नप्राशनाला तर अजिबातच नको. दुकानदाराला विचारा, यात शिसं किती? तो हसेल. पुढच्या पाच जणींनी विचारलं की तो त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारेल.

आता कल्हई. मला वाटतं, आपल्या स्वयंपाकघरातलं सर्वांत सुंदर रसायनशास्त्र हेच. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतात, पांढरा धूर होतो. नवसागरातून निघणारं आम्ल तांब्यावरची काजळी आणि काळपट थर खाऊन टाकतं. धातू उघडा पडला की कथलाची कांडी फिरवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, कापसाच्या बोळ्यानं ते झटकन पसरवायचं, आणि चमक येते. जिथे कथील तांब्याला भेटतं तिथे दोघांचं मिळून एक अतिशय पातळ मिश्रण तयार होतं, काशाचं भावंडच म्हणा ना. म्हणूनच कल्हई रंगासारखी निघून येत नाही, झिजत जाते. आंबट पदार्थ कथलाला फारसं छेडत नाहीत, आणि तांबं त्याच्याखाली झाकलेलं राहतं. ताक, कढी, चिंचेची आमटी, आपल्या नारायणगावच्या टोमॅटोचं सार, सगळं बिनधास्त.

पण २३२ हा आकडा लक्षात ठेवा. कडकडीत तापलेलं तेल त्याच्या जवळपास जातं. कल्हईच्या पातेल्यात मोठ्या आचेवर फोडणी केली, किंवा रिकामं भांडं गॅसवर विसरलं, की कथील गोळा होऊन थेंब दिसायला लागतात. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून ओता. तारेच्या घासणीनं कल्हई खरवडू नका. आत तांबूस-पिवळे पट्टे दिसले की पुन्हा कल्हई, त्याला पर्याय नाही.

कल्हईतही शिशाची भेसळ होते. कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्त होतं आणि आणखी कमी आचेवर, १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं, कारागिराचं काम सोपं होतं. ओळखायची एक जुनी युक्ती आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून कर्र असा आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं. कल्हईवाल्याला कांडी वाकवून दाखवायला सांगा. चांगला कारागीर रागावत नाही, उलट खूश होतो, की बाईंना कळतंय.

अक्षय तृतीया आली की हे सगळं माझ्या मनात जास्त घोळतं. वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसानं होतं. आपल्याकडे तर रस शेतातून थेट येतो. तेरा महिने एकाआड एक उपवास केलेलं शरीर, रिकामं पोट, वैशाखाचं ऊन. सकाळी काढलेला रस दहा-अकरापर्यंत आंबायला लागलेला असतो. आणि तो आपण कशात भरतो? फोटो छान यावा म्हणून नव्याकोऱ्या, बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या कलशांत. आंबट रस, उघडं तांबं आणि दोन तासांचा वेळ, हे कळकण्याचंच साहित्य झालं. तांब्याचा अंश जास्त गेला की मळमळ, उलटी, पोटात कळ. तपस्वीला पारण्यानंतर मळमळलं की आपण म्हणतो, उपवासानं अशक्तपणा आला. एखाद्या वेळी तसं असेलही. पण कलशाकडे कोणी बघत नाही. चांदीचे छोटे कलश असतील तर उत्तम. नसतील तर स्टील, किंवा कल्हई केलेले. आणि रस आयत्या वेळी गाळून भरा, आधी भरून मांडून ठेवू नका. महाराजसाहेबांची पात्रं लाकडी, त्यांना हा प्रश्नच नाही. संसार आपला, म्हणून धातूही आपलेच.

प्रभावनेत वाटल्या जाणाऱ्या जर्मन सिल्व्हरच्या वाट्यांबद्दल एकच वाक्य: त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस. शोभेला ठेवा, त्यात श्रीखंड वाढू नका. आणि स्टीलला नावं ठेवणाऱ्यांसाठीही एक. स्टीलही मिश्रधातूच आहे. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असलेल्या चांगल्या स्टीलवर क्रोमियमचा एक अदृश्य थर असतो, तो ओरखडला तरी हवेनं पुन्हा भरून येतो. त्याला कल्हई लागत नाही, कारण त्याची कल्हई त्याच्या आतच आहे. चुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील, हे मात्र खरं नाही. मँगनीज जास्त घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही.

आता ज्याच्यावर काहीजणी रागावतील ते लिहिते. मी स्थानकवासी घरात जन्मले, मंदिरमार्गी घरात आले. पहिल्यांदा देरासरात पूजेला गेले तेव्हा मला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर ते अंगलूछणं. प्रक्षाल झाल्यावर प्रतिमा तीन वेगवेगळ्या मऊ वस्त्रांनी कोरडी करायची, कोपऱ्यात, बोटांच्या फटीत थेंब राहू द्यायचा नाही. भक्ती तर आहेच, पण धातूच्या दृष्टीनं याहून चांगली काळजी असू शकत नाही. दुधाचा आंबट अंश आणि ओल, हीच तांब्याच्या मिश्रधातूची खरी शत्रू. वाळाकुंचीही हलक्या हातानं फिरवायची असते. ज्यांनी हा विधी घालून दिला त्यांना धातू कळत होता.

आणि मग पर्युषण जवळ आलं की आपण काय करतो? चिंच, लिंबू, मीठ, बाजारातली पूड. पंचधातूच्या प्रतिमा खसाखसा घासून लख्ख करतो. पंचधातू म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा तांबं आणि जस्त किंवा कथील यांचाच मोठा भाग, सोनं-चांदी भावनेपुरती. म्हणजे जे पितळी तांब्याचं होतं तेच प्रतिमेचं. आम्ल जस्ताला आधी खातं, तांबं मागे उरतं, म्हणून फार चिंच लावलेलं पितळ लालसर दिसतं. मिठातला क्षार बारीक खाचांत राहतो आणि पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी होऊन बाहेर येतो. ती पुसली तरी आतून खात राहते. दरवेळी एक झिलई निघते. नाक बुजतं, डोळे बुजतात.

आणि पाठीमागचा लेख बुजतो. जुनी पंचतीर्थी कधी उलटी करून पाहिलीत का? पाठीवर संवत, तिथी, ज्ञाती, भरवणाऱ्याचं नाव, गच्छ आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचं नाव कोरलेलं असतं. आणि बहुतेकदा ‘भा.’ असं लिहून, म्हणजे भार्या, एका बाईचं नाव. कधी आईच्या श्रेयासाठी, कधी बायकोच्या, कधी बाईनं स्वतः भरवलेली. आचार्य बुद्धिसागरसूरींनी असे लेख गोळा करून ‘जैन धातुप्रतिमा लेखसंग्रह’ छापला, म्हणून शेकडो नावं कागदावर तरी राहिली. वंशावळीत आपली नावं नसतात मैत्रिणींनो. भाटांच्या वह्यांत बाप, बेटा, नातू. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका साध्या घरातल्या बाईचं नाव कुठे सापडेल तर ते प्रतिमेच्या पाठीवर, अर्ध्या मिलिमीटर खोल. ते आपणच, आपल्याच हातांनी, चिंचेनं पुसतोय.

‘भगवंत लख्ख नको का दिसायला?’ असं मला विचारतात. वडोदऱ्याजवळ अकोट्याला १९५१ मध्ये जैन धातुप्रतिमांचा साठा सापडला, त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती मी फोटोतच पाहिलीय. गडद, हिरवट-काळी. तिच्यासमोर हात आपोआप जुळतात. गडद झालेला तो पातळ थर म्हणजे मळ नाही, धातूनं स्वतःवर घेतलेलं पांघरूण आहे. त्याच्या आतला धातू त्यामुळेच टिकतो. पाणी, मऊ कापड आणि पूर्ण कोरडं करणं, रोजच्याला एवढं पुरतं. हिरवी भुकटी येत असेल तर पुजाऱ्याला चिंच आणून देण्याऐवजी विश्वस्तांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचारावं. आणि काहीही करण्याआधी पाठीच्या लेखाचा, तिरका उजेड पाडून, फोटो काढून ठेवावा. हे काम महिला मंडळानं हातात घ्यावं असं मला वाटतं, विश्वस्तांच्या बैठकीत तो विषय येईपर्यंत थांबू नये.

पारण्याच्या आधी गावात कल्हईवाला बोलवायचं मनात आहे. हल्ली एकट्या-दुकट्या घरासाठी कोणी येत नाही, वीस-पंचवीस भांडी असली तर पुण्याहूनही येतात. माळ्यावरची पातेली, तपेल्या, कलश काढून, चिंच न लावता, नुसते राखेनं धुऊन ठेवा. मोडीवाल्याला अजून काही देऊ नका, निदान टिचकी मारून पाहिल्याशिवाय. आणि ज्यांच्याकडे मोठं पिंप किंवा घंगाळ आहे त्यांनी आधी कळवा, त्याला भट्टी मोठी लागते.